पृष्ठकोष्टकांतील शर्यतस्थिती व तिचे निवारण

संगणकात चालू असलेल्या प्रत्येक आज्ञावलीस स्मृतीचे जे पत्ते दिसतात ते आभासी असतात. ज्या कोष्टकाच्या साहाय्याने या आभासी पत्त्यांचे स्मृतीतील प्रत्यक्ष पत्त्यांत रूपांतर होते, त्यास पृष्ठकोष्टक किंवा पेज टेबल म्हणतात. हे कोष्टक लिहिण्याचे काम प्रचालन प्रणालीच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नेलचे असते. वाचण्याचे काम मुख्यतः प्रोसेसर करतो. एकाच नोंदीवर दोन किंवा अधिक कर्त्यांची क्रिया एकाच सुमारास चालली व अंतिम परिणाम त्यांपैकी कोणाची क्रिया आधी पुरी झाली यावर अवलंबून राहिला, तर त्या अवस्थेस शर्यतस्थिती म्हणतात. सामान्य आज्ञावलीत अशी स्थिती उद्‌भवल्यास त्या आज्ञावलीपुरताच बिघाड होतो. पृष्ठकोष्टकात ती उद्‌भवल्यास एका व्यक्तीची माहिती दुसरीच्या हाती पडू शकते, केवळ वाचण्यास मुभा असलेली फाइल बदलली जाऊ शकते किंवा लिहिलेला मजकूर नकळत नाहीसा होऊ शकतो. म्हणून कर्नेलच्या रचनेत या प्रश्नास वेगळे स्थान आहे.

आभासी स्मृतीची कल्पना मँचेस्टर विद्यापीठाच्या ॲटलस या संगणकात १९६२ मध्ये प्रथम प्रत्यक्षात आली. तीनुसार आभासी पत्त्यांचे समान आकाराचे भाग पाडतात. त्यांस पृष्ठे म्हणतात. प्रत्यक्ष स्मृतीच्या तेवढ्याच आकाराच्या भागांस चौकटी म्हणतात. कोणते पृष्ठ कोणत्या चौकटीत आहे, त्यावर लिहिता येते की ते केवळ वाचता येते, त्याचा अलीकडे वापर झाला आहे काय आणि त्यात बदल झाला आहे काय, एवढी माहिती कोष्टकाच्या एका नोंदीत असते. वैयक्तिक संगणकांत रूढ असलेल्या ६४-बिट रचनेत पृष्ठ सामान्यतः ४,०९६ बाइटांचे, नोंद ८ बाइटांची आणि एका कोष्टकात ५१२ नोंदी असतात. संपूर्ण पत्ताक्षेत्रासाठी एकच सलग कोष्टक ठेवणे परवडणारे नसल्याने कोष्टकांची चार पातळ्यांची उतरंड केलेली असते. वरच्या पातळीवरील नोंद खालच्या कोष्टकाचा पत्ता सांगते व सर्वांत खालची नोंद चौकटीचा. २०१७ पासून लिनक्समध्ये पाच पातळ्यांचीही सोय आहे.

शर्यतस्थितीचे स्वरूप : समजा, ठाणे आणि कल्याण येथील आरक्षणाच्या खिडक्यांवर दोन कारकून एकच तक्ता पाहून तिकिटे देत आहेत व गाडीत एकच जागा उरली आहे. ठाण्याच्या कारकुनाने तक्ता पाहिला, जागा रिकामी दिसली. त्याने नोंद करण्यापूर्वीच कल्याणच्या कारकुनानेही तक्ता पाहिला. त्यासही ती रिकामीच दिसली. दोघांनी नियमाप्रमाणे काम केले, तरी एका जागेवर दोन प्रवासी आले. ‘पाहणे’ आणि ‘लिहिणे’ या दोन क्रियांमध्ये फट राहिली, एवढाच दोष. असा दोष हजार वेळा तपासूनही सापडत नाही, कारण तो प्रकट होण्यास दोन्ही क्रिया नेमक्या त्या फटीत गाठ पडाव्या लागतात. आणि गर्दी वाढली की तीच गाठ वारंवार पडू लागते. एका प्रोसेसराच्या संगणकात क्वचित घडणारी गोष्ट अनेक गाभ्यांच्या प्रोसेसरात दररोज घडते.

पृष्ठकोष्टकाच्या बाबतीत ही फट पुष्कळ ठिकाणी आढळते. एकाच आज्ञावलीचे अनेक कार्यप्रवाह, म्हणजे थ्रेड, एकच पृष्ठकोष्टक वापरतात. त्यांपैकी दोघांनी एकाच वेळी अजून न भरलेल्या पृष्ठास स्पर्श केल्यास दोघांसाठीही कर्नेल नवी चौकट शोधू लागतो. तिसरा प्रवाह त्याच वेळी ते पृष्ठ सोडून देत असतो. स्मृती अपुरी पडल्यामुळे कर्नेलचा दुसरा एखादा भाग तेच पृष्ठ डिस्कवर हलविण्याच्या खटपटीत असतो. या सर्वांच्या जोडीला प्रोसेसरातील मंडल कोणासही न विचारता कोष्टक वाचत असते व ‘वापरले’ आणि ‘बदलले’ या खुणा स्वतः लिहीत असते.

कुलूप : या प्रश्नाचे पहिले उत्तर आगगाडीच्या मार्गावरून आले, आणि हे केवळ रूपक नव्हे. डच शास्त्रज्ञ एड्‌सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी परस्परवर्जनासाठी जे साधन मांडले त्यास त्यांनी सेमाफोर, म्हणजे रेल्वेचा हाताचा सिग्नल, हे नाव दिले आणि त्यातील दोन क्रियांची नावेही रेल्वेच्या परिभाषेतूनच घेतली : एक ओलांडण्याची, दुसरी मोकळे करण्याची. बोरीबंदर ते ठाणे हा मार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी वाहतुकीस खुला झाला व १८५४ मध्ये तो कल्याणपर्यंत पोहोचला. अशा मार्गांवर पुढे जी खंडपद्धती रूढ झाली तिचे मूलतत्त्व असे, की मार्गाच्या एका खंडात एका वेळी एकच गाडी असावी. पुढील स्थानकाने मार्ग मोकळा असल्याचे कळविल्याखेरीज मागील स्थानकाने गाडी सोडू नये. कर्नेलमधील कुलूप म्हणजे हेच तत्त्व होय. ज्याच्याकडे कुलूप आहे त्यानेच नोंद पाहावी व लिहावी, इतरांनी थांबावे.

प्रश्न उरतो तो कुलूप केवढ्या भागास लावावे हा. लिनक्समध्ये दीर्घकाळ प्रत्येक आज्ञावलीच्या संपूर्ण पत्ताक्षेत्रास एकच मोठे कुलूप असे. ते वाचकांना एकत्र आत येऊ देई. मात्र पत्ताक्षेत्राच्या रचनेत बदल करणारा आला की सर्वांना बाहेर ठेवी. ठाणे–कल्याण पट्ट्यातील प्रवाशास याची कल्पना देण्यास रविवारच्या मेगाब्लॉकचे उदाहरण पुरेसे आहे. काम कोपर व ठाकुर्ली यांच्या दरम्यानचे असते, पण खोळंबा सर्वांचा होतो. शेकडो थ्रेड असलेल्या आज्ञावलीत एकाने एक लहान भाग मागितला तरी इतर सर्व अडून राहत. यावर उपाय दोन टप्प्यांत झाला. २००५–०६ च्या सुमारास सर्वांत खालच्या पातळीवरील प्रत्येक कोष्टकास स्वतंत्र कुलूप देण्यात आले. त्यामुळे दोन प्रोसेसर एकाच आज्ञावलीच्या निरनिराळ्या कोष्टकांत एकाच वेळी लिहू लागले. पत्ताक्षेत्राचे मोठे कुलूप मात्र पुढेही बरीच वर्षे टिकले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६.४ या आवृत्तीत पत्ताक्षेत्राच्या प्रत्येक सलग भागासाठी वेगळे कुलूप आले आणि पृष्ठ नसल्याची पुष्कळ प्रकरणे मोठे कुलूप न घेता निकालात काढता येऊ लागली. एवढ्या उघड सुधारणेस इतका काळ का लागला, असे वाटणे साहजिक आहे. पण मोठे कुलूप काढल्यावर त्याच्या आश्रयाने आजवर निर्धोक राहिलेल्या किती गोष्टी उघड्या पडतात, हे आधी कोणासच नेमके ठाऊक नसते. त्याच वर्षी उघडकीस आलेल्या ‘स्टॅकरॉट’ या दोषात नेमके असेच घडले होते : आज्ञावलीची रास वाढविताना केवळ वाचनाचे कुलूप घेतले जाई व पत्ताक्षेत्राच्या नव्या अंतर्गत रचनेस ते पुरेसे नव्हते.

कुलपे अनेक झाली की त्यांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. एकाने ‘अ’ घेऊन ‘ब’ साठी थांबावे व दुसऱ्याने ‘ब’ घेऊन ‘अ’ साठी थांबावे, म्हणजे दोघेही कायमचे अडकतात. म्हणून कुलपे नेहमी ठरलेल्या क्रमानेच घेण्याचा दंडक असतो. लिनक्सच्या मूळ संहितेत हा क्रम एका लांबलचक टिप्पणीत नमूद केलेला आहे. २००६ पासून कर्नेल चालू असतानाच या क्रमाचा भंग शोधणारे साधनही त्यात आहे.

कुलूप न जुमानणारा वाचक : येथवरचे विवेचन कोणत्याही सामाईक तक्त्यास लागू पडते. पृष्ठकोष्टकाचे वेगळेपण असे, की कुलूप हा कर्नेलमधील घटकांचा आपापसांतील करार आहे व प्रोसेसराचे मंडल त्या करारात सामील नाही. कर्नेलने कुलूप घेऊन एखादी नोंद वाचली, तीत ‘बदलले’ ही खूण नसल्याचे पाहिले व मग ती पुसली, असे समजू. वाचणे व पुसणे यांच्या मधल्या क्षणी दुसऱ्या प्रोसेसरावरील थ्रेडने त्या पृष्ठावर लिहिले, तर तेथील मंडल नोंदीत खूण करील आणि कर्नेल ती खूण न पाहताच नोंद पुसून टाकील. पृष्ठ बदललेले नाही या समजुतीने ते डिस्कवर न लिहिता सोडून दिले जाईल व वापरणाऱ्याचा मजकूर नाहीसा होईल. कुलूप येथे निरुपयोगी आहे. उपाय एकच : जुनी नोंद वाचणे व तिच्या जागी शून्य ठेवणे या दोन्ही गोष्टी प्रोसेसराच्या एकाच अविभाज्य आज्ञेने कराव्यात, म्हणजे मधली फटच उरत नाही.

जुन्या ३२-बिट रचनेच्या विस्तारित प्रकारात नोंद ८ बाइटांची, पण सामान्य लेखन एका वेळी ४ बाइटांचे, अशी अडचण होती. तेथे नवी नोंद लिहिताना आधी वरचा अर्धा भाग व नंतर ‘उपस्थित’ ही खूण असलेला खालचा अर्धा भाग लिहीत. पुसताना याच्या उलट. मंडलाने कोणत्याही क्षणी डोकावले तरी त्यास अर्धवट नोंद ग्राह्य वाटू नये, हा हेतू. प्रोसेसर स्वतःच्या सोयीने लेखनाचा क्रम बदलू शकत असल्याने दोन लेखनांच्या मध्ये क्रम राखणारी अडसर-आज्ञा घालावी लागते.

किल्ली परत घेणे : प्रत्येक वेळी चार पातळ्यांचे कोष्टक वाचणे फार मंद ठरते. म्हणून नुकतीच सापडलेली रूपांतरे प्रत्येक प्रोसेसर आपल्याजवळच्या एका लहान, अतिवेगवान साठ्यात ठेवतो. त्यास टीएलबी या आद्याक्षरी नावाने ओळखतात. या विषयातील सर्वांत अवघड दोष येथेच दडलेले असतात, कारण बहुतेक रचनांत मूळ कोष्टक बदलले तरी या प्रती आपोआप बदलत नाहीत.

डोंबिवलीतील एखाद्या चाळीच्या मालकाने वहीत एका भाडेकरूचे नाव खोडले, पण त्याच्याजवळची किल्ली परत घेण्यापूर्वीच खोली दुसऱ्यास दिली, तर वही कितीही काटेकोर असली तरी जुना भाडेकरू नव्याच्या सामानापर्यंत पोहोचू शकतो. पृष्ठकोष्टक ही ती वही व टीएलबीमधील प्रती या किल्ल्या होत. म्हणून क्रम असा ठेवावा लागतो : प्रथम नोंद पुसावी, मग ज्या ज्या प्रोसेसरावर ती आज्ञावली चालली असेल त्यांना आपली प्रत रद्द करण्यास सांगावे, त्या सर्वांकडून काम झाल्याची पोच येईपर्यंत थांबावे, आणि त्यानंतरच चौकट मोकळी झालेल्यांच्या यादीत घालावी. यांपैकी एकही पायरी मागेपुढे झालेली चालत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातील माख या कर्नेलच्या कर्त्यांनी १९८९ मध्ये या पद्धतीचे सविस्तर विवेचन केले. वैयक्तिक संगणकांत हा निरोप दीर्घकाळ एका प्रोसेसराने दुसऱ्याचे काम थांबवून पोहोचविला जात आला आहे. आर्म रचनेत तो हार्डवेअरच सर्वांपर्यंत नेते. शिवाय जुन्या नोंदीच्या जागी वेगळ्या चौकटीची नोंद थेट न लिहिता आधी ती रद्द करून, प्रती पुसून, मग नवी लिहावी असा त्या रचनेचा नियम आहे.

निरोप महाग असतात. दर पृष्ठामागे एक निरोप पाठविला तर प्रोसेसरांचा बराचसा वेळ एकमेकांना अडविण्यात जाईल. म्हणून लिनक्समध्ये सोडावयाच्या चौकटी एका गठ्ठ्यात बाजूला ठेवून, सर्वांसाठी मिळून एकदाच निरोप देऊन, नंतर तो गठ्ठा मोकळा करतात. काटकसर आणि सुरक्षितता यांचा मेळ येथे चांगला साधला आहे. मात्र ही काटकसर चुकीच्या जागी केल्यास काय होते, ते २०१८ मध्ये दिसून आले. आज्ञावलीचा स्मृतिभाग एका पत्त्यावरून दुसऱ्यावर हलविणाऱ्या कर्नेलच्या सेवेत कोष्टकांची कुलपे आधी सोडली जात आणि प्रती रद्द करण्याचा निरोप त्यानंतर दिला जाई. या अवधीत दुसऱ्या थ्रेडने ती फाइल आखूड केल्यास चौकट मोकळी होऊन दुसऱ्या कोणास दिली जाई. पण जुनी किल्ली अजून चालत असे. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या गटातील यान हॉर्न यांनी हा दोष शोधला व निरोप कुलूप सोडण्यापूर्वी देण्याची दुरुस्ती त्याच वर्षी झाली. दुरुस्ती केवळ क्रमाची होती.

शिळा निर्णय : सर्व कुलपे योग्य वेळी घेऊनही दोष उरू शकतो, याचे उदाहरण म्हणून २०१६ मधील ‘डर्टी काऊ’ हे प्रकरण नेहमी दिले जाते, आणि ते योग्यच आहे. दोन आज्ञावली एकच चौकट वाचत असतील तर ती सामाईक ठेवावी व एखादीने लिहू पाहिल्यास तिला तेव्हाच स्वतंत्र प्रत करून द्यावी, अशी एक जुनी व उपयुक्त युक्ती आहे. तिला लेखनसमयी प्रत असे म्हणता येईल. केवळ वाचण्याची मुभा असलेल्या फाइलीच्या पृष्ठावर आज्ञावली लिहू लागली, की कर्नेल कुलूप घेऊन तिची खाजगी प्रत करी, आता लेखनाच्या परवानगीची चौकशी करण्याचे कारण नाही अशी मनाशी नोंद करी, कुलूप सोडी आणि तेच पृष्ठ पुन्हा शोधू लागे. या फटीत दुसऱ्या थ्रेडने ‘ही प्रत मला नको’ असे कर्नेलला सांगितले, तर दुसऱ्या शोधात खाजगी प्रतीऐवजी मूळ फाइलीचीच चौकट हाती येई व मजकूर तीवर लिहिला जाई. अशा रीतीने सामान्य वापरकर्ता सर्वाधिकारी होऊ शके. अँड्रॉइड दूरध्वनीही या दोषापासून मुक्त नव्हते.

लिनक्सचे निर्माते लायनस टॉरव्हाल्ड्स यांनी दुरुस्तीच्या टिपणात नमूद केले, की हाच दोष दूर करण्याचा प्रयत्न त्यांनी अकरा वर्षांपूर्वी केला होता व अन्य एका रचनेवर अडचणी आल्याने तो मागे घेण्यात आला होता. तेव्हा शर्यत केवळ तात्त्विक वाटत होती; पुढे ती प्रत्यक्षात घडविणे सोपे झाले. नव्या दुरुस्तीत परवानगीची चौकशी न गाळता, हाती आलेली चौकट खरोखर आपलीच प्रत आहे काय हे दुसऱ्या वेळी पडताळून पाहण्याची सोय केली गेली. कुलूप सोडून पुन्हा घेतले की आधी पाहिलेले सर्व शिळे समजावे, हा नियम कर्नेलच्या संहितेत जागोजागी आढळतो. नवी चौकट शोधण्यास वेळ लागत असल्याने ते काम कुलपाबाहेर करतात. परत आल्यावर कुलूप घेऊन नोंद पूर्वीसारखीच आहे ना हे ताडून पाहतात. ती बदललेली दिसल्यास आणलेली चौकट टाकून देतात.

कुलपाविना वाचन : काही वाचने इतकी वारंवार होतात की तेथे कुलूपही जड वाटते. अशा वेळी कोष्टक कुलपाविना वाचू द्यावयाचे व फक्त ते नष्ट करण्यास उशीर करावयाचा, असा मार्ग आहे. स्थानकावरील जुना पादचारी पूल पाडावयाचा असल्यास प्रथम त्याची तोंडे बंद करतात, पुलावर असलेले शेवटचे माणूस उतरेपर्यंत थांबतात व मग तोडकाम सुरू करतात. आरसीयू या नावाने ओळखली जाणारी पद्धत याच तत्त्वावर चालते. पॉल मॅकेनी व त्यांचे सहकारी यांनी ती १९९० नंतरच्या दशकात सीक्वेंट या कंपनीच्या कर्नेलसाठी विकसित केली. २००२ मध्ये ती लिनक्समध्ये आली, तेव्हा त्या कामात आयबीएमच्या बंगलोर येथील प्रयोगशाळेतील दीपंकर सरमा यांचा प्रमुख वाटा होता. पृष्ठकोष्टकांच्या बाबतीत जुनी पद्धत याहून साधी होती. वाचणारा प्रोसेसर वाचनापुरता बाहेरचे निरोप घेणे बंद करी. कोष्टक मोकळे करणाऱ्यास त्याची पोच मिळेपर्यंत थांबावे लागे. त्यामुळे वाचन आपोआप सुरक्षित राही. जेथे प्रती रद्द करण्याचे काम हार्डवेअर परस्पर करते तेथे पोचेचा हा आधार उरत नाही, म्हणून तेथे आरसीयूचा अवलंब करावा लागतो. एका रचनेवर निर्दोष ठरलेली संहिता दुसरीवर सदोष ठरण्याचे हे उत्तम उदाहरण होय.

सामाईक कोष्टकच नसेल तर शर्यतही नसते. पुणे येथील सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये तयार केलेल्या परम ८००० या महासंगणकात प्रत्येक ट्रान्सप्यूटरास स्वतःची स्मृती होती व ते परस्परांशी केवळ संदेशांनी बोलत. तेथे हा प्रश्न या स्वरूपात उद्‌भवत नव्हता. त्याची किंमत आज्ञावली लिहिणाऱ्यास संदेशांची आखणी स्वतः करून द्यावी लागे. आजच्या महासंगणकांतही संगणकासंगणकांमध्ये संदेश व प्रत्येक संगणकाच्या आत सामाईक स्मृती अशी मिश्र रचना असते, तेव्हा आतला प्रश्न शिल्लक राहतोच.

दोषांचा शोध : शर्यतस्थिती पुन्हा घडवून आणणे कठीण असल्याने ती शोधण्यासाठी खास साधने वापरतात. एका पद्धतीत कर्नेलला यादृच्छिक सेवा-मागण्यांचा अखंड मारा करतात. दुसरीत, २०२० पासून लिनक्समध्ये असलेल्या एका साधनाद्वारे, निवडक स्मृतिस्थानावर काही क्षण पहारा ठेवून तेवढ्यात दुसरा कोणी कुलपाविना तेथे लिहितो काय ते पाहतात. दोन्हींनी दोष सापडतात. दोष नसल्याची हमी मात्र मिळत नाही. गणिती सिद्धता देण्याचा मार्ग ऑस्ट्रेलियातील सेल-फोर या लहान कर्नेलच्या कर्त्यांनी २००९ मध्ये यशस्वी केला. त्यांची ती सिद्धता एका प्रोसेसरापुरती होती आणि टीएलबीचे व्यवस्थापन योग्य रीतीने होते, हे तीत गृहीत धरलेले होते.